सातारा बघायला येताय, सोबत कुत्रं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईचे नातेवाईक, मुलांचे मित्र, ओळखीतल्या ओळखीचे, सगळ्यांचे फोन साधारण सारख्याच प्रश्नांनी सुरू होतात. संग्रहालय कधी उघडं असतं? वाघनखं अजून आहेत का? कुत्र्याला घेऊन आलो तर चालेल का? आमच्या घरी सोनी नावाची गावठी कुत्री आहे आणि घरातल्या सगळ्यांनाच इतिहासाचं वेड आहे, त्यामुळे या दोन्ही गोष्टींची उत्तरं आम्ही रोजच्या फिरण्यातून गोळा केली आहेत. तीच इथे लिहून ठेवतो.

शिवाजी संग्रहालय नेमकं कुठे आहे? कधी जावं?

छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय एसटी स्टँडच्या अगदी जवळ आहे, स्टँडवर उतरून चालत जाता येतं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाची संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी काढून येणाऱ्यांनी संग्रहालय पहिल्या दिवशीच उरकावं. सकाळी उघडल्या उघडल्या जाणं उत्तम. दुपारी शाळांच्या सहली आल्या की काचेपुढे उभं राहायला जागा मिळत नाही.

वाघनखं बघायला मिळतील का?

आता साताऱ्यात नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. १९ जुलै २०२४ ला साताऱ्यात प्रदर्शन सुरू झालं आणि सात महिन्यांनी ती पुढे नागपूरला गेली. त्या काळात रांगेत उभी राहिलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. खेड्यापाड्यांतून टेम्पो करून आलेली, चपला काढून आत जाणारी.

ही वाघनखं ‘तीच’ का, हा प्रश्न हमखास येतो. त्यांच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा, की शिवाजी महाराजांनी मोगल सरदाराला ज्यांनी मारलं ती ही वाघनखं, आणि जेम्स ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या दिवाणाकडून ती त्याला मिळाली. आता गंमत बघा, अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता. म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याचाच घोळ झालेला. खुद्द लंडनचं संग्रहालयही सांगतं, की १६५९ साली प्रतापगडाखाली वापरलेली वाघनखं हीच, याचा पुरावा मिळालेला नाही. आम्हाला वाटतं हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. महाराजांचं मोठेपण एका पेटीवरच्या मजकुरावर टेकलेलं नाही.

ग्रँट डफ हे नाव मात्र लक्षात ठेवा. पुढे कुत्र्याच्या गोष्टीत तो परत भेटणार आहे.

मग आता संग्रहालयात बघण्यासारखं काय उरलं?

भरपूर आहे. शस्त्रं, वस्त्रं, नाणी, चित्रं, मोडी कागद. पण सगळं बघायच्या नादात धावू नका. दोन गोष्टींपाशी थांबा.

पहिला दांडपट्टा. लोक त्याचं लांब, लवलवतं पातं बघून पुढे सरकतात. तुम्ही मूठ बघा. तिला खोबळा म्हणतात. पंजा आणि मनगट झाकून ती थेट कोपराच्या दिशेने वर जाते. आत एक आडवी पकड असते, ती मुठीत धरायची. एकदा हात आत गेला की मनगट वळतच नाही, म्हणून पट्टा फिरवायचा तो खांद्यातून, सगळ्या अंगाने. आखाड्यात पट्टेबाज गिरक्या का घेतात, हे खोबळ्याकडे पाहिलं की क्षणात कळतं. आमच्या पुतण्याने काचेपुढे उभं राहून मनगट ताठ ठेवून हात फिरवून पाहिला, तेव्हापासून तो तलवार आणि पट्टा यांत गफलत करत नाही.

दुसरी गोष्ट मोडी कागद. वाचता येत नाहीत म्हणून सोडू नका. आधी फक्त शिरोरेघ बघा. मोडी लिहिणारा कारकून ओळीची रेघ आधी एका दमात कागदभर ओढून घेई आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जाई, बोरू शक्यतो न उचलता. कुठे शाई संपत आली, कुठे पुन्हा बुडवली, हेसुद्धा दिसतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात इतका जवळून बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

साताऱ्यात आणखी एक जुनं संग्रहालय होतं म्हणतात, ते कुठे गेलं?

इतिहासकार द. ब. पारसनीस साताऱ्यात राहत होते. त्यांनी आयुष्यभर कागद, चित्रं, नकाशे, वस्तू जमवल्या आणि त्यातून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं राहिलं. ते १९२६ साली गेले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात नेण्यात आला आणि आजही तिथेच आहे. साताऱ्याच्या माणसाला याची हळहळ वाटते, आम्हालाही वाटते. पण तो एका जागी नीट राहिला, अभ्यासकांच्या हाती आला, हेही खरं. पुण्याहून येणाऱ्यांनी साताऱ्याची अर्धी गोष्ट तुमच्याच शहरात आहे हे ध्यानात ठेवावं.

कुत्र्याला संग्रहालयात नेता येईल का?

नाही. विचारून दारावरच्या माणसाला अवघडल्यासारखं करू नका.

मग तेवढा वेळ कुत्र्याला कुठे ठेवायचं?

गाडीत नाही. काचा चार बोटं खाली करून, सावलीत लावूनही नाही. बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत भट्टीसारखी तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं आणि आतली हवाच तापली की धापांचा उपयोग होत नाही. एकदा पार्किंगमध्ये एका गाडीत लॅब्रॅडॉर तोंडाला फेस येऊन पडलेला पाहिला. मालक सापडेपर्यंत आसपासच्या लोकांनी काच फोडायची तयारी केली होती. कुत्रं वाचलं. तो आवाज अजून कानात आहे.

साधा उपाय म्हणजे पाळी लावा. दोघं आत, एक जण बाहेर कुत्र्यासोबत सावलीत. मग अदलाबदल. एकटेच आला असाल तर संग्रहालय पुढच्या खेपेला बघा.

साताऱ्यात डॉग पार्क आहे का?

मोठ्या शहरांत असते तशी जाळी घातलेली, खेळायची साधनं ठेवलेली जागा मनात धरून येऊ नका. साताऱ्याचे कुत्रेवाले पहाटे अजिंक्यताऱ्याचा रस्ता धरतात. आम्हीही. डांबरी चढ आहे, एका बाजूला झाडी, खाली उजाडत जाणारं गाव. व्यायामाला येणारी मंडळी रोजची ओळखीची. त्यातल्या एक मावशी सोनीला नावाने हाक मारतात, आम्हाला मात्र अजून “सोनीवाले” म्हणूनच ओळखतात.

साखळी मात्र हातात हवीच. किल्ल्याच्या झाडीत मोर आहेत, आणि कुत्रं मोरामागे सुटलं की ते तुमचं ऐकत नाही. दुसरं म्हणजे या डोंगरांत बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य. दिवस मावळायच्या आत कुत्र्यासह खाली उतरा, आणि सकाळी पुरतं उजाडल्याशिवाय झाडीत शिरू नका.

किल्ल्यावर बघण्यासारखं काय आहे?

अजिंक्यतारा म्हणजेच साताऱ्याचा किल्ला. शिलाहार भोज राजाने बांधला असं मानतात. औरंगजेब स्वतः त्याच्या पायथ्याशी येऊन बसला होता. १६९९ च्या डिसेंबरात वेढा पडला, प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला आणि १७०० च्या एप्रिलात तो मोगलांकडे गेला. त्याचं नाव आझमतारा ठेवलं गेलं, पण ते काही टिकलं नाही. पुढे १२ जानेवारी १७०८ ला शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज यांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला आणि किल्ल्याखाली आजचं शहर वसलं. शाहूनगर हे नाव त्यामुळेच.

गाडी दरवाजाच्या जवळपर्यंत जाते. महादरवाजा, तळी, मंगळाई देवीचं देऊळ. देवळात कुत्रं नेऊ नका, बाहेर थांबवा. तटावरून एका बाजूला यवतेश्वर, लांब सज्जनगड आणि पुढ्यात सगळा सातारा दिसतो.

उतरताना चार भिंतींपाशी थांबा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं हे स्मारक १८५७ च्या हुतात्म्यांचं आहे. इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला थेट लंडनला जाऊन बसलेले रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याचे. त्यांच्या उठावाच्या प्रयत्नात पकडलेल्यांना गेंडामाळावर देहदंड दिला गेला. संध्याकाळी चार भिंतींवर तरुण मंडळी वारा खायला, गप्पा मारायला येतात. ते बरंच आहे. पण कुत्र्याला तिथल्या खांबांपाशी पाय वर करू देऊ नका, आणि पिशवी सोबत ठेवा. स्मारकावर घाण राहिली तर उद्या कुत्र्यांना बंदी येईल, आणि ती यायलाच हवी असं आम्हीच म्हणू.

माहुलीत कुत्र्याची समाधी आहे, हे खरं का?

खरं आहे. कुत्र्याला घेऊन साताऱ्यात येणाऱ्याने बाकी काही चुकवलं तरी चालेल, पण हे चुकवू नये.

शहरापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. एका काठावर संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेले, त्यांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. ताराराणींची समाधी इथलीच, येसूबाईंचीही इथलीच. त्याच भूमीत शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्याची समाधी आहे, दगडात घडवलेल्या कुत्र्याच्या मूर्तीची. गावात कोणालाही “खंड्याची समाधी” विचारा, बोट दाखवतील.

शाहू महाराजांचं बालपण औरंगजेबाच्या छावणीत कैदेत गेलं. १६८९ ला रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते, सुटले ते १७०७ मध्ये. छत्रपती झाल्यावर शिकार, बागा, पक्षी, कुत्री यांचा त्यांना फार नाद. एकदा शिकारीत वाघ अंगावर येणार तोच खंड्याने भुंकून सावध केलं आणि महाराजांचा जीव वाचला. महाराजांनी खंड्याच्या नावाने जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला.

दुसरी गोष्ट दरबाराची. एक सरदार आपल्या श्रीमंतीचा तोरा मिरवत, दागिन्यांनी मढून भेटीला आला. महाराज साध्या पांढऱ्या वस्त्रात बसले, आणि आपला सगळा जरीपोशाख, दागिने, डोईची पगडीसुद्धा त्यांनी खंड्याच्या अंगावर घातली. सरदाराला काय कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून महाराजांनी डोईला पुन्हा पगडी घातली नाही, असं सांगतात.

ही दंतकथाच असणार ना?

इथे ग्रँट डफ परत येतो. तोच, वाघनखांच्या पेटीवरचा. १८१८ नंतर तो साताऱ्यात रेसिडेंट होता. इथली दप्तरं त्याने चाळली, इथल्या माणसांशी बोलला, आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्यात कुत्र्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालणं, पगडी, वाघापासून वाचवणं, सनद आणि पालखी हे सगळं आहे. म्हणजे शाहू महाराजांना जाऊन पाऊणशे वर्षं झाली असताना ही हकिकत साताऱ्यात पक्की होती. फरक एवढाच, की डफने ती महाराजांच्या बुद्धिभ्रमाचं लक्षण म्हणून लिहिली. साताऱ्याच्या लोकांनी तीच गोष्ट कृतज्ञतेची आणि अहंकार उतरवणाऱ्या चतुराईची म्हणून जपली.

आम्ही साताऱ्याच्या लोकांच्या बाजूने. ज्याचं बालपण शत्रूच्या छावणीत पहाऱ्यात गेलं, त्याला निर्लेप मनाने आपल्यामागे येणाऱ्या मुक्या जीवाची किंमत कळली असेल, यात वेडेपणा कसला? सोनीला पहिल्यांदा समाधीपाशी नेलं तेव्हा ती मूर्ती हुंगून शांतपणे शेजारी बसली. सगळीच कुत्री दमल्यावर बसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आमच्या आईने दोघांना हात जोडले.

रायगडावरचा वाघ्या आणि हा खंड्या एकच का?

नाही. वाघ्या शिवाजी महाराजांशी जोडला जातो, खंड्या त्यांचे नातू शाहू महाराज यांचा. रायगडावरचं वाघ्याचं स्मारक विसाव्या शतकातलं आहे आणि शिवकालीन कागदांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही. त्यावरून बरेच वाद झाले आहेत. ते वाद माहुलीत आणू नका.

माहुलीत आणखी काय बघावं?

विश्वेश्वराचं देऊळ साधारण १७३५ च्या सुमाराचं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. संगमावर संगमेश्वर, पलीकडे रामेश्वर. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे क्षेत्र माहुलीचे. घाटाच्या पायऱ्यांवर नुसतं तासभर बसलात तरी दिवस कारणी लागतो.

पण पायऱ्या काळ्या दगडाच्या आहेत. एका एप्रिलात आम्ही सकाळचे निघायचे ते अकराला निघालो. सोनी पाय उचलून उचलून चालायला लागली तेव्हा कुठे लक्षात आलं. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, आठवडाभर हळदीच्या पट्ट्या आणि डॉक्टरांचं मलम चाललं. चूक पूर्ण आमची. तेव्हापासून नियम पक्का: तळहाताची मागची बाजू दगडावर टेकवायची, पाचपर्यंत मोजायचं. चटका बसला तर कुत्र्याला तिथे चालवायचं नाही. उन्हाळ्यात माहुली नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर.

पावसाळ्यात नदी चढलेली असते, कुत्र्याला पाण्यात सोडू नका. अंत्यविधी चालू असेल तर त्या बाजूला फिरकू नका, तिथे आलेल्या माणसांचा दिवस वेगळा असतो.

रेल्वेने येणं सोयीचं आहे का?

सातारा स्टेशन माहुलीच्याच बाजूला आहे, शहरापासून जरा लांब. त्यामुळे रेल्वेने येणाऱ्याने आधी माहुली बघून मग शहरात जावं. कुत्र्याला मात्र साध्या डब्यात घेता येत नाही. गार्डच्या डब्यातल्या पेटीत बुकिंग करावं लागतं, आणि घाबरट कुत्र्याचे त्यात फार हाल होतात. कुत्र्यासोबत स्वतःची गाडी बरी. पुण्याहून सुमारे ११० किलोमीटर. खंबाटकी घाटाच्या आधी एकदा उतरवून पाणी पाजा.

कासच्या पठारावर कुत्रं नेऊ का?

नेऊ नका. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली फुलं सड्यावरच्या बोटभर मातीत उगवतात. दवबिंदू, सीतेची आसवं यांसारखी वनस्पती इतकी नाजूक, की माणसाच्या पावलालाही तिथे वाट आखून द्यावी लागते. कुत्रं उकरतं, लोळतं, धावतं. त्या दिवशी त्याला घरी ठेवा. हंगामात ऑनलाइन बुकिंग करूनच निघा.

लिंबची बारा मोटेची विहीर?

जरूर, पण साखळी आखूड धरून. लिंब शहरापासून सोळाएक किलोमीटरवर, पुण्याच्या रस्त्याला. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही विहीर अष्टकोनी आहे आणि तिच्या पोटात छोटा महालच आहे. पाणी उपसायच्या बारा मोटा एका वेळी चालत, म्हणून हे नाव. वर मोटेचं पाणी ओतायच्या थारोळ्यांपाशी उभं राहिलं की खाली पाणी खोल दिसतं, तिथे कुत्रं आणि लहान पोर दोघांचेही हात सोडू नका.

औंधचं संग्रहालय एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का?

आमचं उत्तर ठाम हो. हे औंध साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचं गाव, पुण्यातलं औंध नव्हे. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्प एका गावातल्या टेकडीवर बघायला मिळतात. हे संग्रहालय १९३८ साली उभं केलं भवानराव पंतप्रतिनिधींनी, म्हणजे माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ बांधणाऱ्या घराण्यातल्याच राजाने. सूर्यनमस्कार घरोघरी पोचवणारे तेच. सकाळी माहुली आणि दुपारी औंध केलं तर एकाच घराण्याची दोन शतकं एका दिवसात पाहून होतात. कुत्र्यासाठी इथेही पाळी लावावी लागेल.

भटक्या कुत्र्यांचं काय? चावलं तर?

नव्या जागी पाहुणं कुत्रं दिसलं की गल्लीतली कुत्री भुंकणारच. तुम्ही धावू नका, आपल्या कुत्र्याला उचलून ओरडू नका, सावकाश वाट बदला. रेबीजची लस वेळेवर झालेली असेल तरच प्रवासाला आणा, आणि तिचं कार्ड गाडीत ठेवा.

माणसाला चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय गाठा. लसीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना पुरे करा. रेबीज एकदा अंगात भिनला की त्याला औषध नाही.

कंदी पेढा कुत्र्याला दिला तर चालतो का?

तुम्ही भरपूर खा. साताऱ्यात येऊन तो भाजक्या खव्याचा वास टाळता येणारही नाही. कुत्र्याला साखर नको. मनुके आणि द्राक्षं तर अजिबात नकोत, थोडीशीसुद्धा त्याची किडनी निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कांदाही नको.

खंड्याच्या समाधीला काही वाहायचं असतं का?

तसा काही विधी नाही. काही जण फूल ठेवतात. आम्ही एक भाकरी नेतो आणि घाटावरच्या गावठी कुत्र्यांना तुकडे करून घालतो. सोनीला शेवटचा तुकडा. तिला ते पाठ झालंय, ती आपली पाळी येईपर्यंत बसून राहते.